प्रवाळांची टाकी आणि सूक्ष्मदर्शक

गोड्या पाण्यात मासे पाळणारी घरे पुष्कळ आढळतात. खाऱ्या पाण्यात प्रवाळ वाढविणारी मात्र मोजकीच. हा छंद खर्चाचा खरा, पण त्याहून अधिक चिकाटीचा. शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षारमिश्रण विरघळविले की समुद्रापासून शेकडो मैल दूरच्या गावीही लहानसा समुद्र निर्माण करता येतो. आपल्या देशात भित्ती बांधणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तेव्हा मालवणच्या वा अंदमानच्या समुद्रातून ती उचलून आणणे हा गुन्हा होय, हे आरंभीच सांगून ठेवतो. छंदाचा मोठा विस्तार झाला तो अमेरिकेत आणि युरोपात. पुढील अनुभवही मुख्यतः तिकडच्या पाळणाऱ्यांचे आहेत.

अशा टाकीवर येणारे सर्वांत फसवे संकट म्हणजे तपकिरी थर. पांढरी वाळू दोन-चार दिवसांत तपकिरी होते, खडकांवर बुळबुळीत तंतू लोंबू लागतात, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. घाबरलेला मालक दुकानात धावतो आणि बाटलीतले औषध ओतून मोकळा होतो. परंतु हा थर निदान तीन अगदी भिन्न जीवांचा असू शकतो, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला खतपाणी ठरतो. नुसत्या डोळ्यांनी ही तिन्ही भावंडेच वाटतात. अंदाजाने औषध ओतणाऱ्याच्या टाकीत पाच-सात वर्षे जपलेली प्रवाळे एका महिन्यात पांढरी पडल्याची उदाहरणे आहेत.

येथे शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसे साधे संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरते. (ते पुष्कळदा कपाटातच कुलूपबंद असते, हा भाग निराळा!) ड्रॉपरने थरातील थोडा अंश उचलावा, काचपट्टीवर एक थेंब ठेवून वर पातळ आच्छादन-काच ठेवावी आणि प्रथम शंभरपट, मग चारशेपट करून पाहावे. प्रकाश थोडा कमी ठेवला म्हणजे पारदर्शक जीवांच्या कडा उठून दिसतात. नमुना ताजा हवा, कारण जीवाची चाल हीच त्याची मोठी ओळख.

सोनेरी-तपकिरी, रेखीव कडांच्या होड्या किंवा काड्या संथपणे सरळ रेषेत सरकताना दिसल्या, तर ते डायाटम, म्हणजे आपल्या परिभाषेतील करंडक वनस्पती. त्यांचे कवच सिलिकाचे असते. नव्या टाकीत त्या हमखास येतात आणि पाण्यातील सिलिकेट संपले की बहुधा आपोआप ओसरतात. येथे औषध नको, धीर हवा. फार तर पाणी शुद्ध करणारे यंत्र तपासावे.

एकापुढे एक मणी ओवल्यासारखे किंवा आडव्या रेघांचे लांब धागे दिसले, तर ती नीलहरित शेवाळे. नाव शेवाळाचे असले तरी हे जीवाणू होत. त्यांच्या पेशीत केंद्रकच नसते. म्हणूनच काही प्रतिजैविके त्यांच्यावर चालतात आणि इतर दोघांवर निष्फळ ठरतात. पाण्याचा प्रवाह जेथे मंद आणि गाळ जेथे साचलेला, तेथे यांचे आसन असते.

तिसरा प्रकार डायनोफ्लॅजेलेटांचा, आणि आमच्या मते सूक्ष्मदर्शकाचे मोल खरे कळते ते येथेच. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरविणारे सूक्ष्म जीव याच कुळातले. एक भाऊ पोशिंदा, दुसरा मारेकरी. ऑस्ट्रिऑप्सिस हा अश्रूच्या आकाराचा जीव एका टोकाशी बांधल्यासारखा, घाण्याच्या बैलागत जागच्या जागी फिरतो. ॲम्फिडिनियम चपटा, लंबगोल असून त्याच्या पुढच्या टोकाला चोचीसारखे लहान डोके असते. हा भेद केवळ पंडिती नव्हे. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून पाणी अतिनील दिव्यापुढून खेळविल्यास तो मारता येतो. ॲम्फिडिनियम वाळूतच दडून राहतो. त्याच्यापुढे तोच महागडा दिवा व्यर्थ जातो. शिवाय पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणलेल्या अतिस्वच्छ टाकीतच हे जीव पुष्कळदा माजतात. मालक अधिकाधिक स्वच्छता करीत जातो आणि ते अधिकाधिक फोफावतात. तेथे पोषकद्रव्ये किंचित वाढवून प्रतिस्पर्धी जीवांना बळ द्यावे लागते.

ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती विषारी आहेत. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतील जिनोव्हाच्या किनाऱ्यावर त्यांचा उद्रेक झाला, तेव्हा केवळ समुद्रावरून येणारी हवा हुंगून दोनशेच्या आसपास लोकांना ताप, खोकला व श्वासाचा त्रास होऊन वैद्यकीय मदत घ्यावी लागली होती. म्हणून असा थर काढताना हातमोजे घालावेत. मुलांना लांब ठेवावे.

माशांच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांचीही तीच कथा. त्वचेवरचा किंचित बुळा काचपट्टीवर घेतला, की गोल गोल फिरणारा, केसाळ कडेचा क्रिप्टोकॅरिऑन आणि त्वचेला मुळ्या रोवून निश्चल बसलेला ॲमिलूडिनियम निराळे ओळखू येतात. दोघांवरही तांब्याचा उपाय चालतो. विदूषक माशांना छळणाऱ्या ब्रूकलिनेलावर मात्र तो उपयोगी पडत नाही. तांबे प्रवाळांना व गोगलगाईंना मारक असल्याने आजारी मासा वेगळ्या टाकीतच ठेवावा लागतो. बुळा काढण्याचे काम जाणत्या पशुवैद्याकडून करवून घ्यावे हे बरे.

अमोनिया किती, क्षारता किती, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. त्यासाठी रासायनिक परीक्षा हव्यातच. विषाणू तर या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे. आणखी एक गोष्ट हे यंत्र वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी: खारे पाणी भिंगाच्या धातूला खाते. काम संपताच ऊर्ध्वपातित पाण्यात भिजविलेल्या मऊ कागदाने भिंग व त्याखालचा मंच पुसून, कोरडे करूनच यंत्र ठेवावे.