देऱ्याची आग

दुबईच्या खाडीकाठचे देरा एके काळी खजुराच्या झावळ्यांचे गाव होते. १८९४ साली तेथे आग लागली आणि बहुतेक घरे भस्मसात झाली. ज्यांचे पूर्वज गिरमिटावर येऊन गवताने शाकारलेल्या झोपड्यांत राहिले, त्यांना ती झळ निराळी सांगावयास नको. पुढे ऐपत होती त्यांनी प्रवाळाच्या दगडांची घरे बांधली.

तथापि दगडाने भय सरले नाही. १५ एप्रिल २०२३ रोजी, शनिवारी, भर दुपारी अल् रास भागातील एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आग भडकली. १६ जीव गेले, ९ जण जखमी झाले. मृतांत केरळचे एक जोडपे होते. दिवस विषूचा, म्हणजे त्यांच्या नववर्षाचा होता.

धूर दिसताच अग्निशमन दलासाठी ९९७, रुग्णवाहिकेसाठी ९९८ व पोलिसांसाठी ९९९ हा क्रमांक फिरवावा. आकडे लहान, पण परमुलखातून नुकत्याच आलेल्या मजुरास ते कोण सांगणार? जीव वाचला तरी पारपत्र जळालेले असते. अशा वेळी भारतीयांसाठी ८००४६३४२ हा विनाशुल्क क्रमांक आहे. भारतीय वाणिज्य दूतावासाकडून मायदेशी परतण्यापुरता तात्पुरता दाखलाही मिळतो. मृतदेह स्वदेशी नेण्याचा खर्च गरीब कुटुंबास पेलत नसेल, तर २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून तो मिळू शकतो. मात्र त्यासाठी कोणीतरी दूतावासाची पायरी चढावी लागते.