माहितीपटाची पहिली दोन मिनिटे

बोरीच्या आमच्या विद्यार्थ्यांनी टेंभुर्णीच्या (जि. नांदेड) पोचीराम कांबळे यांच्या खुनावर माहितीपट करायचे ठरविले. सुरुवात लिहून आणली ती अशी: अंधार, ज्वाळा, किंकाळी. गुन्ह्यांच्या मालिका पाहून डोळ्यांना तीच सवय लागलेली. मी ती खोडली. ज्वाळा आधी दाखविल्या की प्रेक्षक एवढेच विचारतो, आग कोणी लावली? का लावली, हे बाजूलाच राहते. म्हणून पहिले दृश्य २७ जुलै १९७८ चे असावे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव त्या दिवशी विधिमंडळात मंजूर झाला. मग नुसत्या तारखा, संगीताविना. ४ ऑगस्टला टेंभुर्णी. मधले आठच दिवस प्रेक्षकाला मोजता आले पाहिजेत.

दृश्यांचा क्रम हा निरुपद्रवी नसतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे गेली. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, असे सांगून गोळीबाराचे समर्थन झाले. गुंडेवार आयोगाने ते स्वीकारले नाही. आधी टँकर, मग गोळी, असे लावले की मेलेलाच आरोपी होतो.

"मग किंकाळी कुठे घालायची, सर?" एकाने विचारले. ती ऐकलेला माणूस आपल्याजवळ नाही. आपण आपल्या घशातून का काढावी? तिथे पडद्यावर नाव लिहा, आणि ते वाचून होईपर्यंत दृश्य बदलू नका.