फाट्यावरचं चार्जिंग आणि आपली स्कूटी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आता शिक्षिका, आशाताई, बँकेतल्या बाया बॅटरीची स्कूटी चालवताना दिसतात. नवी घेणारीचा पहिला प्रश्न एकच: वाटेत चार्जिंग संपलं तर?

गावातल्या गावात ही काळजी नाहीच. स्कूटीच्या बॅटरीला साधारण तीन युनिट वीज लागते. रात्री घरच्या प्लगला लावली की चार-पाच तासांत भरते. मीटर घरचंच, दरही घरचाच. फक्त अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्या. आणि मे महिन्यात मलकापूर-खामगावच्या उन्हातून आल्या आल्या प्लग लावू नका. गाडी सावलीत थोडी थंड होऊ द्या.

खरी अडचण बाहेरगावी. बुलढाण्याहून मलकापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. जाताना राजूर घाट उतरायचा, म्हणून बॅटरी पुरते. येताना तोच घाट चढायचा, आणि चढाला वीज जास्त लागते. एका चार्जमध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हा जाऊन-येऊन प्रवास झेपत नाही. मलकापूरला दोन तास चार्जिंग मिळालं तर तीस-पस्तीस किलोमीटरची भर पडते. तेवढ्यावर घर गाठता येतं.

मग फाट्यावर 'चार्जिंग स्टेशन'ची पाटी दिसते. पण पेट्रोल पंपासारखं इथे कुठलीही गाडी लावून भागत नाही! जलद चार्जिंगची जाडजूड नळी मोटारीसाठी असते, बहुतेक स्कूटींना ती बसतच नाही. म्हणून आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: मशीन आज चालू आहे का, साधा पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, आणि पैसे ॲपवरच भरायचे का. मोबाइलच्या नकाशावर दिसणारं मशीन बंदही असू शकतं.

राज्याच्या 2025 च्या धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय धरली आहे. समृद्धीवरून लोणारला किंवा पुढे शेगावला येणाऱ्या मोटारींना त्याचा उपयोग होईल. आपल्याला मात्र बसस्टँड, तहसील आणि सरकारी दवाखान्याजवळ साधे, स्वस्त प्लग हवेत. माझ्या मते नगरपरिषदेकडे मागणी करायची तर हीच करावी. मोठ्या मशीनचं उद्घाटन छान होतं, पण स्कूटी तशीच उभी राहते.

आणखी एक. असं चार्जिंग केंद्र चालवायला वेगळा परवाना लागत नाही. सुरक्षेचे नियम पाळून बचतगटही ते सुरू करू शकतो. खानावळीच्या किंवा पिठाच्या गिरणीच्या ओट्याशेजारी दोन-तीन प्लग, वर पत्र्याची सावली, बसायला बाकडं. त्यासाठी महावितरणकडे वेगळ्या मीटरचा अर्ज करायचा. जवळ लाइन असेल तर 2024 च्या नियमाप्रमाणे नवी जोडणी नगरपरिषद हद्दीत 7 दिवसांत आणि खेड्यात 15 दिवसांत मिळायला हवी. अर्जाची पोच मात्र तारखेसह घ्या.