छापील पुस्तके देऊन टाकताना : ई-पुस्तक वाचायला मिळते, मालकीचे होतेच असे नाही

नवी दिल्ली : घर बदलताना किंवा इमारत पुनर्विकासाला जाताना पुस्तकांच्या कपाटांचा प्रश्न हमखास उभा राहतो. ‘आता सगळे मोबाइलवर मिळते’ असे म्हणत आयुष्यभर जमवलेला संग्रह वाचनालयात किंवा रद्दीत धाडला जातो. जागेची अडचण खरी आहे आणि वाळवीच्या तोंडी जाण्यापेक्षा पुस्तक वाचणाऱ्याच्या हाती गेलेले बरे. मात्र कागदाऐवजी पडदा आला की वाचकाचा हक्कही बदलतो.

छापील प्रत विकत घेणारा त्या प्रतीचा मालक असतो. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार साहित्यकृतीच्या प्रती लोकांपर्यंत नेण्याचा अधिकार प्रताधिकारधारकाचा असला, तरी आधीच वितरणात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. दिल्लीचा रविवारचा पुस्तकबाजार आणि कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील जुन्या पुस्तकांची दुकाने याच आधारावर चालतात. ई-पुस्तकासाठी मात्र ग्राहक बहुधा वाचनाच्या परवान्याचे पैसे मोजतो. बहुतेक विक्रेत्यांच्या अटींनुसार तो परवाना विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. वापरलेल्या ई-पुस्तकांची पुनर्विक्री युरोपीय संघाच्या न्यायालयानेही डिसेंबर २०१९ मध्ये अमान्य केली.

परवाना परतही घेता येतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या. ज्याने त्या विक्रीस ठेवल्या, त्याच्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले आणि कंपनीने नंतर माफीही मागितली. नकोसे कागद नष्ट करणाऱ्या राजवटीची कादंबरीच अशी गायब व्हावी, हा योग विलक्षणच. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दालन बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही वाचेनाशी झाली. किंमत परत देण्यात आली. ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती, त्यांना २५ डॉलर जादा मिळाले.

मराठीसह भारतीय भाषांमध्ये अडचण आणखी वेगळी आहे. किंडलवर मराठी, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये आली. नवी पुस्तके प्रकाशक स्वतः ई-रूपात आणतात. फार जुनी पुस्तके प्रताधिकारमुक्त असल्याने कोणालाही स्कॅन करता येतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजली जातात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे साहित्य २०११ पासून मुक्त झाले. कोंडी होते ती मधल्या पिढीची. पुस्तक बाजारात नाही, प्रकाशन बंद पडलेले, वारसांचा पत्ता नाही. पण प्रताधिकार शाबूत. अशा पुस्तकांची ई-आवृत्ती निघणे अवघड, आणि जुन्या प्रती उरतात त्या घरोघरच्या कपाटांतच.

त्यामुळे आवरताना उलटा क्रम सोयीचा ठरतो. सतत पुनर्मुद्रित होणाऱ्या लोकप्रिय कादंबऱ्या, शब्दकोश, अभिजात ग्रंथ आधी द्यावेत. ते पुन्हा मिळतात. स्थानिक इतिहास, संस्थांच्या स्मरणिका, जुने दिवाळी अंक, बंद पडलेल्या प्रकाशनांची पुस्तके शेवटी. देण्यापूर्वी शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि वर्ष यांची यादी करून ती आधी ग्रंथालयाला पाठवावी. जागेअभावी ग्रंथालये दुबार प्रती नाकारतात आणि न विचारता नेऊन टाकलेले गठ्ठे अखेर रद्दीतच जाण्याची शक्यता असते.