येणं सगळ्यांचं

मुंबईची गाडी धरायला निघालेला पोलादपूरकडचा चाकरमानी उंबऱ्यावर क्षणभर थांबतो. पाठीला बॅग, हातात तांदळाची आणि कोकमांची पिशवी. ‘येतो गं आये,’ म्हणतो, आणि आई ‘ये बाबा’ म्हणते. निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे शाळेत जाण्याआधीच शिकवलेलं असतं. शिमग्याला किंवा गणपतीला तोच माणूस परत आला की त्याला दारातच थांबवतात. पायांवर पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि मगच तो आत येतो. तो जाताना एवढं काही करत नाहीत. सगळा सोपस्कार येण्याचा असतो.

जगभरच्या कथांमधल्या ‘नायकाच्या प्रवासा’वर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं. ते वाचताना मला हा उंबरा आठवत राहतो. म्हणून या आढाव्याला महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके घेतले आहेत. सह्याद्रीच्या कुशीतल्या एवढ्याशा मुलखात या आराखड्याला पारखून घ्यावं इतक्या कथा आहेत.

आराखडा कुठून आला

१९०९ साली आर्नोल्ड व्हान गेनेप याने संक्रमणविधींचा अभ्यास मांडला. मुंज असो, लग्न असो की अंत्यविधी, माणूस आधी समूहापासून वेगळा होतो, मग काही काळ ना इकडचा ना तिकडचा असतो आणि शेवटी नव्या रूपात समूहात परततो. त्याच वर्षी ऑटो रँकने वीरांच्या जन्मकथांमधलं साम्य दाखवलं. १९२८ साली रशियात व्लादिमीर प्रॉपने परीकथांची मोडतोड करून घटनांचे ३१ प्रकार काढले. मनाई, मनाईचा भंग, घरातून निघणं, परीक्षा घेणारा दाता, जादूची वस्तू, झुंज, पाठलाग, परतणं, लग्न. १९३६ साली लॉर्ड रॅग्लनने वीरपुरुषांच्या लक्षणांची यादीच केली.

या सगळ्यांवर कळस चढवला जोसेफ कॅम्बेलने. १९४९ सालच्या ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ या ग्रंथात त्याने सांगितलं की जगातल्या सगळ्या वीरकथा मुळात एकच. नायकाला हाक येते, तो आधी कचरतो, कुणीतरी मार्गदर्शक भेटतो, उंबरा ओलांडला जातो, कसोटी लागते, वरदान मिळतं आणि ते घेऊन तो परततो. निघणं, दीक्षा आणि परतणं अशा तीन भागांत त्याने १७ टप्पे बसवले. गौतम बुद्ध हे त्याचं आवडतं उदाहरण. महाडजवळ हमरस्त्यावरून दिसणाऱ्या गांधारपाल्याच्या लेण्यांत ज्यांनी पावसाळे काढले, ते भिक्खूही राजवाडा सोडून निघालेल्या आणि बोध घेऊन लोकांत परतलेल्या त्याच माणसाचे अनुयायी. पुढे जॉर्ज लुकासने ‘स्टार वॉर्स’ (१९७७) रचताना कॅम्बेलचा आधार घेतला आणि हॉलिवूडच्या पटकथाकारांना साचाच मिळाला.

आपल्याला हा साचा परका वाटत नाही, कारण दरवर्षी दसऱ्याला आपण तो खेळतो. शिलंगणाला गावाची शीव ओलांडायची, आपट्याचं सोनं लुटायचं, घरी येऊन ओवाळून घ्यायचं आणि ते सोनं थोरांच्या हातावर ठेवून पाया पडायचं. निघणं, लाभ आणि परतणं हे सगळं एका संध्याकाळी उरकतं. लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट तर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. वाटेत वाघ अडवतो. ‘लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग खा,’ असं सांगून ती सुटते आणि परतताना भोपळ्यात बसून येते. प्रॉपच्या हिशेबात भोपळा ही जादूची वस्तू आणि लेक ही दाता. पण या गोष्टीत जीव टांगणीला लागतो तो परतीच्या वाटेवर, हे लक्षात घ्यावं. म्हातारी जाते ती बोलाबोलात. परत येते ती लेकीने दिलेल्या भोपळ्यामुळे.

उमरठ

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर ते पडले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांकडे गेला होता आणि उदयभान राठोड तिथे किल्लेदार होता. इतिहासाला एवढं पक्कं ठाऊक आहे.

आता शाहीर तुळशीदासाच्या नावाने चालत आलेला पोवाडा पाहा. जिजाऊ शिवाजी महाराजांबरोबर फाशांचा डाव मांडतात आणि जिंकल्यावर कोंढाणा मागतात. तानाजींच्या घरी मुलाच्या, रायबाच्या लग्नाची गडबड असते, तेवढ्यात बोलावणं येतं. वाटेत अपशकुन होतात. यशवंती घोरपड कड्यावर चढायला आधी राजी नसते. मग दोर, कडा आणि झुंज. सभासदाच्या बखरीत ही घोरपड नाही. कोंढाण्याचं ‘सिंहगड’ हे नावही लढाईच्या आधीच्या कागदात सापडतं, असं इतिहास संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणजे किल्ल्याला सिंहाचं नाव तानाजींमुळे पडलं, ही आपली लाडकी समजूतही पोवाड्याच्याच जातीची. हाक, घरचा अडसर, नकार देणारा मदतनीस आणि ओलांडायचा कडा या सगळ्या जागा शाहिराने नेमक्या भरल्या. त्याच्यापुढे कुणाचा ग्रंथ नव्हता. डफ-तुणतुण्याच्या तालावर झीलकऱ्यांनी सूर धरला आणि समोरचा शेतकरी रात्रभर बसून राहिला पाहिजे, एवढीच त्याची गरज होती. साचा त्या गरजेतून उगवला.

पण कॅम्बेलच्या नकाशाप्रमाणे वरदान घेऊन परतायचं असतं ते नायकाने स्वतः. इथे नायक परततो तो खांद्यावरून. केळदजवळून महाड तालुक्यात उतरणाऱ्या घाटाने त्यांचा देह उमरठला आणला, म्हणून त्या वाटेला मढे घाट म्हणतात, असं या भागात सांगतात. त्या घाटाची उतरण ज्याने पाहिली आहे त्याला रिकाम्या हातांनी उतरतानाही गुडघ्यांची काळजी वाटते. पालखी घेऊन तिथून उतरायचं तर पुढच्याला भार हातांवर उचलून धरावा लागत असणार आणि मागच्याला वाकावं लागत असणार. या माणसांची नावं पोवाड्यात नाहीत. रायबाचं लग्न पुढे महाराजांनी लावून दिलं, अशी आठवण लोक जपतात. व्रत घेतलेला मध्येच गेला तर त्याचं उद्यापन घरातलं दुसरं कुणी करतं, तसं हे झालं. तानाजींचं जाणं त्यांचं होतं. त्यांचं येणं मात्र घाट उतरणाऱ्यांनी आणि लग्न लावणाऱ्यांनी पुरं केलं.

हिरकणी

रायगडाच्या पायथ्याची गवळण दूध घेऊन गडावर येते, सांजेला दरवाजे बंद होतात, घरी तान्हं बाळ असतं आणि ती अंधारात कडा उतरून जाते. हिच्या नावाचा समकालीन कागद नाही, पण गडावर बुरूज आहे आणि खाली वाडी आहे.

स्त्रीचा प्रवास वेगळा असतो, असं म्हणत मॉरीन मर्डॉकने १९९० साली नायिकेच्या प्रवासावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आमच्या गवळणीची कथा त्याच वाटेवरची आहे. तिला कुठली हाक आलेली नाही, ती दूध विकायला आली आहे. तिचं सगळं धाडस परतीत आहे. नायक कडा चढून परमुलखात शिरतात, ती कडा उतरून स्वयंपाकघरात शिरते.

या कथेचा शेवट मात्र नीट ऐकावा. महाराजांनी साडीचोळी दिली आणि ती उतरली तिथे बुरूज बांधून तिचं नाव दिलं. गडाच्या बंदोबस्ताच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण बक्षीस म्हणून मिळालं काय? तिने शोधलेली वाट बंद झाली. उद्या दुसरी कुणी आई अडकली असती तर तिला तीही वाट उरली नसती. इथे येणं एकटीने करावं लागलं आणि व्यवस्थेने त्याचा फक्त गौरव केला. याची भरपाई फार उशिरा झाली. बसस्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत आईला बाळाला पाजता यावं म्हणून ‘हिरकणी कक्ष’ आले. सगळीकडे ते सारखेच स्वच्छ नसतात, पण कल्पना योग्य आहे. हिरकणीला कड्यावरून उतरावं लागू नये, हाच तिचा खरा सन्मान.

अपुरं काव्य

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. नेवाशाच्या या कवीने महाभारताच्या धर्तीवर संस्कृतात ‘शिवभारत’ रचलं. त्याच महाराजांचं चरित्र, जावळीच्या रानातला अफजलखानाचा प्रसंग, सगळं महाकाव्याच्या थाटात. पण उपलब्ध काव्य ३१ अध्यायांनंतर, बत्तिसाव्याच्या सुरुवातीलाच थांबतं. राज्याभिषेक त्यात नाही. आपल्या सर्वांत मोठ्या नायकाचा समकालीन काव्यातला प्रवास असा अर्ध्यावर राहिला आणि तो पुरा केला बखरकारांनी, शाहिरांनी आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याची तलवार धरणाऱ्या पोरांनी.

चवदार तळं

आता पुराणाकडून आणि पोवाड्याकडून कागदोपत्री इतिहासाकडे येऊ. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे ठरावही केला, पण तळ्याच्या पायरीवर पाऊल टाकण्याची सोय झाली नव्हती. जवळच्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते खपले आणि १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे हजारोंची रांग शहरातून चालत तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायलं आणि मागोमाग इतरांनी.

कॅम्बेलच्या नायकाला अमृत आणायला पाताळात जावं लागतं. इथलं अमृत गावाच्या मधोमध होतं आणि गुरंढोरं ते पीत होती. राक्षस कुठल्या गुहेत नव्हता, शेजारच्या आळीत होता. आणि ‘हजार चेहऱ्यांचा नायक’ हा शब्दप्रयोग इथे अलंकार उरला नाही. तिथे चेहरे खरोखरच हजारो होते.

परतीची वाट मात्र या कथेतही सर्वांत अवघड निघाली. वीरेश्वराच्या देवळात हे लोक घुसणार अशी आवई उठली आणि घराकडे निघालेल्या प्रतिनिधींवर काठ्या पडल्या. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरलं. तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा लोक जमले. कोर्टाचा मनाई हुकूम होता, म्हणून तळ्यावर जाणं लांबवलं गेलं, पण २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. दावा चालत राहिला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा हक्क मान्य केला. जायला एक दुपार पुरली, परतायला दहा वर्षं लागली. तेही सगळ्यांचं परतणं नव्हतं. ज्या गावांतून लोक आले होते त्या कितीतरी गावांतले पाणवठे त्यानंतरही बंदच होते.

म्हणून या दोन तालुक्यांतून फिरल्यावर मला कॅम्बेलच्या वर्तुळात एक दुरुस्ती सुचते. निघण्याचं धाडस एकट्याचं असू शकतं. परतणं मात्र पालखीला खांदा देणाऱ्यांवर, दरवाजा उघडा ठेवणाऱ्यांवर आणि निकाल देणाऱ्यांवर अवलंबून असतं. ज्या समाजाला नायक हवे असतात पण त्यांच्या पायांवर पाणी घालायला उंबऱ्यापर्यंत यायचं नसतं, तो समाज बुरूज बांधतो आणि वाट बंद करतो.

दरवर्षी २० मार्चला महाडच्या तळ्यावर गर्दी होते. कुणी कुठून, कुणी कुठून आलेले. पायऱ्या उतरतात, ओंजळ भरतात, बरोबरच्या लहान पोराच्या तोंडाला लावतात. १९२७ ला निघालेली ती रांग अजून घरी पोचते आहे.