टाक्यांची कैफियत

पनवेलहून मुंबईस निघणाऱ्या हार्बर मार्गाच्या सकाळच्या गाडीत, प्रसूतिरजेची २६ आठवड्यांची मुदत संपल्यामुळे नोकरीवर पुन्हा रुजू झालेली एखादी स्त्री, गर्दीचा लोंढा आत शिरला की हातातील पिशवी ओटीपोटापुढे आडवी धरते. संध्याकाळी करंजाड्याच्या वाटेवर रिक्षा गतिरोधकावरून आदळली की तिचा हात नकळत त्याच जागी जातो. आणि घरात कोणी विचारलेच तर ‘सिझरचे टाके अजून ओढतात’ एवढे बोलून ती तो विषय मिटविते. वस्तुतः ते टाके केव्हाच काढलेले किंवा आपोआप विरघळलेले असतात. मग ओढते ते काय, हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारीत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २५ टक्के प्रसूती सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्या, हे ध्यानी घेता ही उपेक्षा एखाद्या घरापुरती नाही.

ओटीपोटाच्या तळाशी, अंतर्वस्त्राच्या काठाआड लपणारा जो आडवा, किंचित वक्र छेद आज बहुतेक ठिकाणी घेतला जातो, तो जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हर्मान फानेनश्टील यांनी १९०० साली वर्णिला. उभ्या छेदापेक्षा तो दिसावयास सौम्य, आणि त्यातून पुढे हर्निया उद्भवण्याचा संभवही कमी. परंतु त्याच्या दोन्ही टोकांच्या आसपासून, कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी उगम पावणारे मज्जातंतू तिरपे पुढे येतात, आणि ओटीपोट, जांघ व गुह्यांगाचा वरचा भाग यांची संवेदना वाहून नेतात. शल्यविशारद स्नायू कापीत नाही, बाजूला सारतो; त्यांवरील चिवट आवरण मात्र कापावेच लागते. अशा वेळी एखादा तंतू ताणला जातो, तुटतो, टाक्यात सापडतो, अथवा पुढे व्रणाच्या घट्ट होत जाणाऱ्या ऊतींत आवळला जातो. म्हणूनच एकाच जागी बधिरपणा आणि आग, असा वरवर परस्परविरोधी वाटणारा अनुभव स्त्रिया सांगतात, आणि तो शब्दशः खरा असतो. (शेक-शेगडीच्या बाबतीत येथेच सावध राहावयास हवे, कारण बधिर त्वचेला उष्णता कळत नाही आणि भाजल्याचे भान उशिरा येते.)

कातडी वरून सांधली तरी आत दुरुस्तीचे काम महिनोन् महिने चालू असते. तीन महिन्यांनंतरही व्रणाला मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्केच बळकटी येते, पूर्ण कधीच येत नाही. त्यामुळे आरंभीचे काही आठवडे ठणका, ताण, खाज हे अपेक्षितच होय. परंतु शस्त्रक्रियेनंतरची वेदना तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याधींच्या नव्या वर्गीकरणात तिला चिरकालीन वेदना म्हणून स्वतंत्र स्थान आहे. अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत सिझेरियननंतर तीन ते सहा महिन्यांच्या काळात शंभरांत सुमारे १५, आणि वर्षानंतर सुमारे ११ स्त्रियांना अशी वेदना आढळली. बहुतेकींची वेदना सौम्य असते. पण ज्या थोड्यांची तीव्र असते, त्यांना बाळ उचलणे, वाकून पाणी भरणे, कुशीवर वळणे हेही जड जाते.

मज्जासंस्थेचे अभ्यासक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली प्रयोगाने दाखविले की, इजेकडून वेदनेचे संदेश सतत येत राहिले म्हणजे मज्जारज्जूतील पेशीच अधिक संवेदनक्षम होतात, आणि मग साध्या स्पर्शाचीही वेदना होऊ लागते. नाडीची गाठ घासली की जळजळणाऱ्या स्त्रीला ‘मनाचे खेळ’ म्हणून गप्प करणे हे म्हणूनच निव्वळ अज्ञान आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांतील तीव्र वेदना ही पुढील चिरकालीन वेदनेची एक पूर्वसूचना असते. तेव्हा बाळाला दूध पाजायचे म्हणून सर्वच वेदनाशामके नाकारून दात-ओठ खात राहण्यात शहाणपण नाही. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने स्तनदा मातेला सहसा निर्धास्तपणे देता येतात.

निदानासाठी मोठी यंत्रे लागतातच असे नाही. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद कार्नेट यांनी १९२६ साली सुचविलेली परीक्षा अशी की, उताणे निजलेल्या रुग्णाच्या दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवावे आणि तिला डोके व खांदे उचलावयास सांगावे. पोटाचे स्नायू ताठरल्यावर वेदना वाढली, तर तिचे मूळ बहुधा पोटाच्या भिंतीत, आतल्या अवयवांत नव्हे. मग त्या बिंदूवर बधिरतेचे इंजेक्शन दिले असता वेदना थांबली, तर निदानाची खात्री आणि उपचाराचा आरंभ ही दोन्ही एकदमच साधतात. व्रणाजवळची गाठ दर मासिक पाळीला फुगून दुखत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी तेथे रुजल्याची, म्हणजे एंडोमेट्रिओसिसची, शंका घ्यावी. खोकताना फुगवटा येत असेल तर हर्नियाची. ताप, लाली वा स्राव असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरच्या उपायांत, जखम पूर्ण भरल्यावर, साधारणतः सहा आठवड्यांनंतर आणि डॉक्टरांच्या संमतीने, व्रणावर बोटांनी हलका, गोलाकार दाब देणे हा एक. १८७२ पासून धूतपापेश्वर कारखान्याच्या आयुर्वेदीय औषधांचे गाव म्हणून पनवेलची ख्याती असल्याने तेल कोणते, ही चौकशी आधी होते. माझ्या मते तेलाहून बोटांच्या नियमिततेला महत्त्व अधिक. अतिसंवेदनशील त्वचेवर प्रथम कापूस, मग मऊ सुती कापड, मग खरखरीत टॉवेल, अशा क्रमाने रोज थोडा वेळ स्पर्श देऊन मज्जातंतूंना तो पुन्हा परिचित करता येतो. एवढ्याने भागले नाही, तर मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधे आहेत, आणि क्वचित अडकलेला तंतू शस्त्रक्रियेने सोडविताही येतो.

खरी अडचण दप्तराची आहे. प्रसूतीनंतर आशा सेविकेच्या गृहभेटी ४२व्या दिवशी संपतात, आणि वेदना चिरकालीन ठरते ती तीन महिन्यांनी. म्हणजे व्याधीला नाव मिळण्यापूर्वीच मातेची नोंद बंद होते. २०१८ पासूनच्या केंद्रीय कार्यक्रमात तीच आशा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा घरी येते. पण ती येते बाळासाठी, त्याच्या वाढीची आणि लसींची चौकशी करावयास. पनवेल तालुक्यातील कातकरी वाडीपासून खारघरच्या इमारतीपर्यंत, बाळाच्या आईस त्याच भेटीत एवढे विचारावयास काय हरकत आहे: टाक्यांची जागा दुखते का, बोटाने दाखविता येईल का, पाळीच्या दिवसांत वाढते का, आणि कपड्याचा स्पर्श सोसतो का? चारही उत्तरे मातेच्या कार्डावर लिहावीत, आणि गरज दिसल्यास ते कार्ड घेऊन तिला उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे.