संदेशवाहिनीचे स्थलांतर, संगणकीय

संगणकावर एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र आज्ञावलींना परस्परांना सूचना, विनंत्या व उत्तरे पाठविता यावीत म्हणून योजलेल्या सामाईक यंत्रणेस संदेशवाहिनी किंवा मेसेज बस म्हणतात. प्रत्येक आज्ञावली केवळ वाहिनीशी जोडलेली असते. पत्त्याप्रमाणे संदेश पोहोचविण्याचे काम वाहिनी करते. एका वाहिनीसाठी रचलेली आज्ञावली दुसरीवर नेताना तिचे मूळ कार्य बहुधा तसेच राहते. बदलतात ती नावे, मूल्यांचे प्रकार आणि उत्तराची वाट पाहण्याचे नियम. या गोष्टी बाहेरच्या आज्ञावलींनीही गृहीत धरलेल्या असल्याने खरी अडचण तेथे उद्भवते.

लिनक्स व तत्सम परिचालन प्रणालींवरील केडीई या चित्रमय कार्यपटलाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. कोर्बा ही पद्धती जड ठरल्यामुळे केडीईने स्वतःची डीकॉप ही वाहिनी तयार केली व ती २००० मधील दुसऱ्या आवृत्तीपासून वापरात आणली. डीकॉप सुटसुटीत होती. परंतु तीतील मूल्ये क्यूटी या सी++ भाषेतील संचाच्या साठवण-पद्धतीने बांधलेली असत. त्यामुळे क्यूटी न वापरणाऱ्या आज्ञावलींना ती परकी वाटे. प्रतिस्पर्धी ग्नोम कार्यपटलाची व्यवस्था निराळीच होती. डीकॉपच्या अनुभवाचा लाभ घेऊन रचलेल्या डी-बसमध्ये मूल्यांचे प्रकार कोणत्याही एका भाषेवर वा संचावर अवलंबून नाहीत. शिवाय वापरकर्त्याच्या सत्रासाठी एक व संपूर्ण यंत्रासाठी एक अशा दोन वाहिन्या तीत असतात. जाळ्याची जोडणी बदलल्याची वार्ता कार्यपटलापर्यंत दुसरीवरून पोहोचते. डी-बसची १·० आवृत्ती नोव्हेंबर २००६ मध्ये आली. जानेवारी २००८ मधील केडीई ४·० मध्ये डीकॉपची जागा तिने घेतली.

या बदलात पत्त्याची घडणच पालटली. अमारॉक या संगीतवादक आज्ञावलीस पुढील गीत लावण्यास सांगताना पूर्वी ‘अमारॉक’, ‘प्लेअर’ व ‘नेक्स्ट’ हे तीन साधे शब्द पुरत. डी-बसवर पहिल्याचे ‘ऑर्ग.केडीई.अमारॉक’ झाले, दुसऱ्यामागे तिरकी रेघ आली व तिसऱ्याचे आद्याक्षर मोठ्या रोमन लिपीत लिहावे लागले. बदल क्षुल्लक दिसतो. तथापि वापरकर्त्यांनी कळफलकाच्या कळांना जोडलेले आणि स्वतःपुरते लिहिलेले असंख्य छोटे आज्ञासंच त्याने निकामी झाले. प्रकल्पाच्या मूळ संहितेतील चूक संकलक दाखवून देतो. दुसऱ्याच्या घरच्या आज्ञासंचातील नाव मात्र त्याच्यापुढे कधीच येत नाही. मोठ्या आवृत्तीच्या वेळीच, क्यूटीच्या चौथ्या आवृत्तीबरोबर, हा बदल करण्यात आला हे योग्यच म्हटले पाहिजे. सुसंगती तोडण्याची मुभा अशाच वेळी असते.

उत्तराची प्रतीक्षा हा विषय अधिक नाजूक आहे. डी-बसच्या मूळ ग्रंथालयात उत्तरासाठी थांबण्याची नेहमीची मर्यादा सुमारे २५ सेकंदांची असते. दोन आज्ञावली एकमेकींच्या उत्तरासाठी थांबून राहिल्यास तेवढा वेळ दोन्ही गोठतात. म्हणून अशा ठिकाणी केवळ नावे न बदलता, विनंती पाठवून पुढील काम चालू ठेवणारी रचना करणे इष्ट असते.

कार्यपटलावरील स्थलांतरास एक सवलत असते. डी-बस संदेश टिकवून ठेवीत नाही. त्यामुळे सत्र संपवून नवे सुरू केले की जुन्या वाहिनीत काही उरत नाही. व्यापारी व्यवहारांतील वाहिन्या रांगेतील संदेश तबकडीवर जपतात. अर्धवट राहिलेले देयक जुन्या रांगेतच विसरले जाऊ नये, म्हणून तेथे काही काळ दोन्ही वाहिन्या चालवून जुनी पूर्ण रिकामी होऊ द्यावी लागते. या काळात एखादा संदेश दोनदा पोहोचू शकतो. प्रत्येक संदेशास ओळखक्रमांक देऊन दुसरी प्रत नाकारण्याची सोय आधी केलेली नसल्यास एकाच देयकाची रक्कम दोनदा वळती होते.

डीकॉप मात्र पूर्णपणे लोपली नाही. केडीई ३·५ पासून फुटून निघालेल्या ट्रिनिटी या कार्यपटलाने ती जतन केली आहे.